अंगठा बाहेर ठेव, वैनी

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हशीखाली बसले होते. मालकांनी गोठ्याच्या दारातूनच सांगितलं, "शोभा गेली... सेलूच्या दवाखान्यात." तरी माझे हात थांबले नाहीत. धार काढताना आमच्याकडच्या बायका अंगठा मुठीत दुमडतात, तसा माझाही दुमडलेला होता. त्याच्याकडं लक्ष गेलं आणि बादली तशीच सोडून मी उठले. त्या अंगठ्यावरूनच तर तिनं मला शिकवायला घेतलं होतं.

शोभा मालकांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी लग्न होऊन पेडगावात आले तेव्हा ती फ्रॉकात होती. मी चौथी शिकलेली, कुणापुढं तोंड न उघडणारी. ती दिवसभर बोलायची. परभणीला कॉलेजात गेली आणि तिथं बॉक्सिंग शिकली. घरी आली की म्हणायची, "वैनी, हलू नको, तुला न लागता मारते." ठोसा माझ्या नाकापुढं आणून थांबवायची. मी डोळे मिटायचे, ती हसून बेजार व्हायची.

एकोणिसाव्या वर्षी मोठ्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. निघायच्या आदल्या दिवशी तिचे हातमोजे सापडेनात. आम्ही दोघी शोधत शोधत शेतावर गेलो, तर थोरले भावजी बैल जुंपत होते. त्यांनी हातमोजे विळ्यानं फाडले होते, दाभणानं शिवून त्यांची गादी केली होती आणि बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात म्हणून ती जूखाली घातली होती. "बैलाच्या तरी कामाला आले," ते म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला पायजेत?"

शोभा काहीच बोलली नाही. एवढी बोलणारी पोर... ते मला बघवलं नाही. ज्या माणसासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्याच्या छातीवर मी ठोसा मारला.

मोडला तो माझाच अंगठा. भावजी गड्यांकडं बघून हसले. "धाकटे, मारायलीस का धार काढायलीस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शोभाला घराबाहेर पडू दिलं नाही. मालक खाली मान घालून बसले. स्पर्धा गेली.

माझा अंगठा बरा झाल्यावर शोभानं गोठ्याच्या आढ्याला सरकीचं पोतं टांगलं. "चार बोटं टोकापासनं गुंडाळ. घट्ट. अंगठा बाहेर ठेव, वैनी, पहिल्या दोन बोटांवर आडवा. आत घातलास की मोडलाच." मारायचं ते त्याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांनी, करंगळीकडची हाडं नाजूक. मनगट वाकू नये म्हणून तिनं माझ्या हातावर ज्वारीचं वाळलं धांडं बांधलं, कोपरापासून मुठीपर्यंत. मी मारलं की ते कडकन मोडायचं. "हे धांडं न्हाई, तुझं मनगट मोडलं समज." कितीतरी धांडी मोडली. एका दुपारी ते शाबूत राहिलं. शोभा हळूच म्हणाली, "आता तुझे भावजी समज आणि मार." मी मारलं. लय बरं वाटलं.

पुढं ती सेलूला गेली, एकटी राहिली, एका रिकाम्या शेडमध्ये मुलींना शिकवू लागली. भावजींनी तिला उंबरा बंद केला. ते मानवतच्या बाजाराला गेले की ती येऊन मला भेटायची आणि आधी माझी मूठ तपासायची. नंतर बैल विकले, जू अडगळीत पडलं. मी ती गादी काढून ट्रंकेत साड्यांखाली ठेवली. कशासाठी ते तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणणार नाही. चांगलं कळलं होतं.

चौदाव्याला शोभाच्या मुलींनी शेडमध्ये शोकसभा ठेवली. भावजी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बोलायला उभे राहिले. "मीच हिला घडवली. पहिले हातमोजे मीच घेऊन दिले..." मुली रडायला लागल्या. मी उठले. पिशवीतली गादी काढली आणि पुढं जाऊन शोभाच्या फोटोपाशी ठेवली.

"काकू, हे काय हाय?" एका मुलीनं विचारलं.

"शोभाचे हातमोजे. ह्या भावजींनी बैलाच्या जूखाली घातले होते."

तिनं गादी उलटी केली. आतल्या बाजूला शोभानं पेनानं लिहिलेलं स्वतःचं नाव अजून होतं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. भावजी चहा न घेता निघून गेले. त्यांच्या पाठीकडं बघताना मला जे सुख झालं, ते लपवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गोठ्यात आले. "घराची अब्रू घालवलीस, धाकटे!" म्हणत त्यांनी हात उगारला. माझी मूठ आपसूक वळली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, अंगठ्याकडं बघितलं. तो बाहेर होता. त्यांचा हात खाली आला. धार काढायलीस का, असं त्यांनी विचारलं नाही.

माणूस गेल्यावर मागं राहिलेल्यांनी वैर धरू नये म्हणतात. मी भावजींशी धरलंय. सरकीचं पोतं अजून आढ्याला आहे. त्यावर दोन जागा झिजल्यात. वरची शोभाची, ती उंच होती. खालची माझी. रोज धार झाली की मी हात पुसते, अंगठा बाहेर काढते आणि आधी माझ्या जागेवर मारते. मग टाचा उचलून तिच्या.