एक रुपयाचा थकबाकीदार

कामशेतच्या बाजारपेठेत ताजुद्दीनचं किराणा दुकान आहे. दाढीला मेंदी आणि जिभेला साखर, दोन्ही जरा जास्तच लागलेली. आंदर मावळातून बाजाराला उतरणारी माणसं बाकी कुठेही भांडतील, ताजुद्दीनकडे भांडत नाहीत. भांडायला समोरचाही तयार लागतो. हा गडी "मावशी, तुमचंच खरं" म्हणतो आणि काट्यावर वरून मूठभर शेंगदाणे टाकतो. मावशी काय बोलणार?

त्याच्या धंद्याचा एक नियम आहे, वडिलांपासून चालत आलेला. उधारी फेडायला आलेल्या माणसाकडून तो सगळे पैसे कधीच घेत नाही. एक रुपया बाकी ठेवतो. म्हणतो, "खातं कोरं केलं की माणूस तुटतो. रुपया राहू द्या, म्हंजे पाय पुन्हा हिकडं वळतील." काही गिऱ्हाइकं तर वर गेली तरी त्याचा रुपया देणं लागतात. स्वर्गातसुद्धा गिऱ्हाईक राखून ठेवणारा दुसरा दुकानदार मावळात नसेल.

स्वतः मात्र त्याने जन्मात कर्ज काढलं नव्हतं, आणि याचा त्याला भारी ताठा होता. तो उतरवला त्याच्या मुलीने. सानिया तळेगावच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. बोलणं आईवर, मुमताजवर गेलंय. म्हणजे सरळ आणि झणझणीत.

"अब्बा, उद्या हा भाड्याचा गाळा विकत घ्यायची वेळ आली तर बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही."

"का? कुणाचं बुडवलंय मी?"

"बुडवलं नाही, पण घेतलंही नाही ना कधी. बँकेच्या लेखी तुम्ही जन्मालाच आला नाहीत. तुमचं सिबिलच नाही, पत मोजायचा आकडा."

लग्नाच्या बाजारात पोरगा कसल्या नादाला लागलेला नाही म्हटलं की मुलीकडचे पेढे वाटतात. बँकेचं उलटं. ती विचारते, याने आधी कुठे घेऊन परत केलंय ते दाखवा.

मग सानियाने त्याच्या ठेवीवर एक क्रेडिट कार्ड काढून दिलं. मर्यादा पंचवीस हजारांची. वर दटावलं, "सात-आठ हजारांच्या पुढे जायचं नाही, मर्यादा आहे म्हणून खरवडायची नसते. बिल मुदतीच्या आत भरायचं. आणि सगळं भरायचं."

पहिल्या दोन गोष्टी बापाने ऐकल्या. तिसरी कानात शिरली, मनात नाही. ज्या बँकेने विश्वासाने कार्ड दिलं, तिचं खातं कोरं करायचं? शोभतं का? तो दर महिन्याला बिल भरायचा आणि एक रुपया राखायचा. पुढच्या बिलात थोडं व्याज लागून यायचं, तेही हसत द्यायचा. "बँकेलाबी पोट हाय की." पुढच्या महिन्याच्या भरण्यात मागचा रुपया गडप व्हायचा, त्यामुळे बोभाटा झाला नाही.

असं वर्षभर चाललं. मग त्याला वाटलं, ओळख पुरे झाली. त्याने शेवटचं बिल भरलं, शिरस्त्याप्रमाणे रुपया ठेवला आणि कार्ड लवंगांच्या डब्यात टाकून ठेवलं.

आता बिलात काय उरलं? एकटा रुपया. तो भरा, म्हणून बँकेचे संदेश येऊ लागले. ताजुद्दीन ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. "बघा आबा, दर महिन्याला आठवण काढती. रुपयाचा गुण हाय!"

दसऱ्याच्या सुमाराला तिकोणा पेठेहून दत्तोबा आले. गाळा त्यांचा. आयुष्यभर ताजुद्दीनने त्यांना भाडं दिलेलं. दत्तोबांच्या मुलाला पवनेच्या काठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, त्याला पैसा हवा होता.

"गाळा इकतोय," दत्तोबा म्हणाले. "पुण्याचा एक जण मागं लागलाय, कॉफीचं दुकान टाकतो म्हणं. पर आदी तुला इचारतो. घेतो का?"

घेतो का? त्या गाळ्याबाहेर ताजुद्दीन कुणी नव्हताच. त्याच दिवशी तो लवंगांचा वास मारणारं कार्ड घेऊन सानियासोबत तळेगावला बँकेत गेला. साहेबाने संगणकात डोकं घातलं आणि वर काढलं तेव्हा चेहरा बदललेला.

"काका, कर्ज जमणार नाही. तुम्ही थकबाकीदार आहात. चार बिलांची मुदत चुकवलीत."

सानियाने बापाकडे पाहिलं. बापाने जमिनीकडे.

"किती थकलेत?" तिने विचारलं.

साहेब घुटमळला. "एक रुपया. आणि वर थोडे पैसे."

"रुपयासाठी?"

"मॅडम, मशीनला रुपया आणि लाख सारखाच. मुदत चुकली की चुकली."

कामशेतला बातमी पोचली तेव्हा भाजीवालीपाशी रुपयाचा लाख झाला होता. पिठाच्या गिरणीत तर ताजुद्दीनचं तळेगावात दुसरं बिऱ्हाड निघालं. मुमताजने ते ऐकून म्हटलं, "असू दे बाई एखादी, ह्यांना जेवायला तरी घालील." पण ताजुद्दीनची साखर आटली होती. शेंगदाणे मोजून मापून पडू लागले.

रुपया त्याने त्याच दिवशी भरला. पण एकदा घसरलेला आकडा लगेच चढत नाही. सानियाने कार्ड पुन्हा चालू करायला लावलं. दुकानाचं वीजबिल आणि फोनचा रिचार्ज तेवढा त्यावर, आणि बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सोय, पैशापैशासकट.

"तोंडावर पैसं फेकून मारल्यासारखं वाटतं गं," तो कुरकुरला.

"मारा. त्यांना आवडतं."

बँक म्हणाली, पाच-सहा महिने असं नीट चालू द्या, मग बघू. पण पुणेकर इसार द्यायला पैसे घेऊन बसलेला. दत्तोबा कशाला थांबतील? शेवटी दत्तोबाच दुकानात येऊन धडकले, लाखाची बातमी ऐकून.

"काय रं, बँकेला लाखाला बुडवलंस म्हणं?"

"न्हाई आबा. रुपया."

"लाख रुपय?"

"निस्ता रुपया! बाकी ठिवला, आपल्या रिवाजानं."

दत्तोबा फिसकन हसले, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. ताजुद्दीनने पाणी दिलं.

"आन माज्याकडं किती बाकी हाय तुजी?"

"एकच की."

"कवाधरनं?"

"अब्बाजान दुकानात बसायचे तवापासनं."

"म्हंजे मीबी थकबाकीदार!" दत्तोबांनी डोळे पुसले. "पोराला सांगतो. गुडीपाडव्यापतोर थांबू. पर त्याच्यापुढं मी काय पोराला आवरायचा न्हाई, सांगून ठिवतो."

पाडव्याच्या आधी बँकेने हो म्हटलं. मागितलं होतं त्याहून थोडं कमीच दिलं, व्याजही जरा चढं. मागचे डाग इतक्यात पुसत नाहीत, म्हणाले. ताजुद्दीनने दुसरी एक ठेव मोडून उरलेलं भरलं. वडगावला खरेदीखत झालं आणि दोघे चहाला कामशेतला आले. गाळा तोच, बाकडं तेच, फक्त आता जुना मालक बाकड्यावर पाहुणा होता.

दत्तोबांनी खिशातून रुपया काढून गल्ल्यावर ठेवला. "घे. भाडं संपलं, आता हिशोबबी मिटवू."

ताजुद्दीनने रुपया उचलून त्यांच्या खिशात परत कोंबला. "बँकेचा पैशापैशासकट भरतो आता. तुमचा घ्यायचा न्हाई."

"मग माजं शिबिल बिघडंल ना रं."

"बिघडू द्या."

दत्तोबांनी बशीतला चहा संपवला, टोपी सारखी केली आणि उठले.

"अर्धा किलो चहापत्ती दे मग," ते म्हणाले. "खात्यावर मांडून ठिव."