हॉलमधल्या माणसांच्या भाकरी

निपाणीत अनुराधाक्कांची खानावळ आहे. जैन घर, दिवस मावळला की चूल बंद. मग कितीही मोठा साहेब येऊ दे, ताट मिळत नाही. पोलिसांनी कुणाला बसवून ठेवलं तर त्यांचं जेवण इथूनच जातं. बिल मागाहून.

गेल्या हिवाळ्यात वरून हुकूम आला, परदेशी घुसखोर शोधा. बांधकामावरची बंगाली बोलणारी माणसं बायकापोरांसकट एका हॉलमध्ये आणून ठेवली. त्यांचे कागद खरे का खोटे, याची चौकशी त्यांच्या गावाकडं सुरू झाली. शोधायचा हुकूम आला, पण जेवू घालायचा पैसा आला नाही. हे खातं त्या खात्याकडं बोट दाखवी. आक्का उधारीवर रांधत राहिल्या. शेवटी दुकानदारानं तांदूळ थांबवला. आता खानावळीलाच कुलूप लागणार, हे दिसत होतं.

मी आक्कांचं जुनं गिऱ्हाईक; तहसील कचेरीत जाऊन टेबल बडवलं. कारकुनानं वाट काढली. "कैद्यांच्या जेवणाला ग्रँट हाय. आक्कांना बिलावर 'कैदी' लिहायला सांगा. पैसे लगेच."

मी पळतच खानावळीत आलो. आक्का म्हणाल्या, "न्हाय लिहायची."

"एक शब्द हाय, आक्का. लिहा आणि मोकळ्या व्हा."

"अजून चौकशी चाललीया. उद्या माझंच बिल दाखवून कोणतरी त्यांना आत घालंल."

"मग बुडवा खानावळ."

"भरमा, सीमाप्रश्नाच्या मोर्चात धरून तुला त्याच हॉलात बसवलंतं. लई ओरडत होतास, पण भाकरी चार खाल्ल्यास. तवा मी तुला कैदी लिहिलं असतं तर चाललं असतं का रं?"

 

शेजारच्या धोंडूबाई दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या गल्लीत समदी जैनांची घरं, तवे चारलाच तापत्यात. दोन भाकरी जास्त थापायला काय जातंय?"

त्या दिवसापासून दिवस कलायच्या आत घराघरातून भाकरी यायच्या, आमटी आक्कांची. टोपली डोक्यावर घेऊन हॉलपर्यंत मी.

आणि मी अर्ज केला: 'चौकशीसाठी थांबवलेल्या माणसांचं जेवण.' रोज कचेरीत जाऊन बसलो. कारकून भला निघाला, वर फोन करून करून थकला पण सोडलं नाही. कागद खरे ठरले, माणसं सुटली. त्यांची गाडी रात्रीची होती, म्हणून आक्कांनी दुपारीच शिदोरी बांधून दिली. कडेवर पोर घेतलेली एक बाई आक्कांचा हात धरून बंगालीत बरंच काही बोलली. आक्का म्हणाल्या, "व्हय व्हय. डबा सरळ धर, लोणचं सांडंल."

पैसा पाडव्याच्या सुमाराला मंजूर झाला, अर्जातल्याच शब्दांवर. दुकानदाराची उधारी भागली, खानावळ राहिली.

ते सांगायला गेलो तेव्हा मला जुने आभारही मानायचे होते, मोर्चाच्या वेळचे, इतकी वर्षं राहून गेलेले. मी सुरुवात केली तर आक्का दाराबाहेर कलतं ऊन बघत म्हणाल्या, "भाषण नंतर. जेवणार असशील तर आत्ता बस."

मी बसलो.