नळ कोरडा, भिंत ओली

एसी दुरुस्तीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत न्हाईत, आपोआप साचतात. मेकॅनिक स्टुलावर, घरचे सगळे खाली माना वर करून उभे, आणि तोंडं मोकळी! त्यात तो दुष्काळ. लातुरात नळ कोरडे ठाक. आभाळ रोज भरून यायचं, लई उकडायचं, पण थेंब न्हाई. गळायचे ते फक्त एसी. अन्‌ भिंतींवर काळी बुरशी.

माझा पार्टनर मन्मथ. त्याच्या आईच्या, अव्वाच्या खोलीतही तीच बुरशी, आणि अव्वाला दमा. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, "भिंत धुऊन काढा, न्हाईतर म्हातारीचं अवघड हाय." आम्ही गावोगाव लोकांच्या भिंती बघत फिरायचो आणि ह्याच्या डोक्यात ती एकच भिंत.

*

एक गुरुजी. डाग झाकायला त्यांनी कॅलेंडर लावलं. डाग वाढला. मग सासऱ्यांचा मोठा फोटो लावला. आम्ही फोटो उतरवला, तर काचेच्या आत सासऱ्यांच्या गालावर बुरशी!

गुरुजी निरखून बघत म्हणाले, "जिवंतपणी कधी दाढी ठेवली न्हाई हो ह्यांनी!"

*

लोहा गावचा एक दुकानदार. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून त्यानं बुरशीवरच रंग मारला. मी लाख सांगितलं, "मालक, आधी गळती काढू, भिंत वाळू द्या, खरवडा, मग रंग." ऐकतंय कोण!

पोहे खाता खाता भिंतीचा पापुद्रा सुटला आणि पाहुण्याच्या खांद्यावर पडला. दुकानदाराचं तोंड उतरलं. मुलाच्या बापानं उठून भिंतीला हात लावला, ओल बघितली.

"पसंत हाय! ह्यांच्या तर भिंतीत बी पाणी हाय!"

*

उदगीर जिल्हा होणार, होणार, म्हणून एकानं कलेक्टर साहेबांच्या ऑफिससाठी हॉल सजवला. सोफा, पडदे, एसी. ट्रायल घेतली, एसी भिंतीवर गळला, ह्यानं तसंच कुलूप लावलं. जिल्हा काही झाला न्हाई. आम्ही गेलो तेव्हा टेबलावर, खुर्च्यांवर, पडद्यांवर सगळीकडं काळी-हिरवी लव.

मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब तेवढे यायचे राहिले. बाकी स्टाफ हजर हाय!"

*

एका ताईंच्या एसीचा पाइप आम्ही नीट रस्त्याकडं काढून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली घागरींची रांग, अन्‌ भांडणं. ताईंचा फोन, "दादा, पाइप परत आत घ्या."

"ताई, आत गळलं की बुरशी येती."

"येऊ द्या! बुरशी भांडत तरी न्हाई!"

ह्या किश्श्यावर अख्खं दुकान हसायचं. मन्मथ हसायचा न्हाई.

*

अव्वाच्या खोलीतली एसीची गळती आम्ही सगळ्यात आधी काढली होती. पाइप उताराला लावून बादलीत सोडला, पलंग भिंतीपासून सरकवला, खिडकी उघडी ठेवली. राहिली नुसती काळी भिंत. ती ब्लीचिंग पावडरनं घासून पुसायची, तर पाणी पाहिजे. टँकरचं पाणी प्यायलाच पुरंना. मन्मथ म्हणाला, "अव्वा, एसीचं पाणी साठव, त्यानंच धुऊ." ती "हाव, हाव" म्हणायची.

रविवारी ब्रश घेऊन गेलो. अव्वा खोकून खोकून वाकली होती, तिच्या श्वासाची शिट्टी अंगणात ऐकू येत होती. बादली रिकामी. मन्मथनं पलंगाखाली वाकून बघितलं, तर तेलाचे जुने कॅन, एसीच्या पाण्यानं काठोकाठ भरून झाकणं लावलेले. गडी लई खूश झाला. एक कॅन ओढायला लागला, तसा अव्वानं त्याचा हात धरला.

"ते न्हाई."

"अव्वा, भिंत धुवायची न्हवं? तुझ्याच जिवासाठी मरायलोय ना मी!"

"भिंतीला न्हाई घालायचं म्हणलं ना." ती तिथंच खाली बसली, दम घेत घेत बोलायला लागली. "शेजारच्या नागप्पाला मातीला नेलं, तवा टँकर आला न्हवता. आंघोळ न्हाई, नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं त्याला. म्या बघितलं. मला तसं न्हाई जायचं, बाबा. हे माझ्या आंघोळीचं हाय."