डाव्या विंगेतला पहिला शब्द

वडशाच्या मीराबाई रामटेके आयुष्यात एकदाच नापास झाल्या. तेही सत्तरी ओलांडल्यावर, स्वतःच्याच ओसरीवर, आणि परीक्षा घेणारीला चहा पाजून झाल्यावर.

परीक्षा घेणारी पोरगी मात्र मोठी गोड होती. डॉक्टर करिश्मा तिचं नाव. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर-प्राध्यापकांची एक देशभराची परिषद आहे. वार्धक्यावर संशोधन करायचं आणि म्हाताऱ्यांसाठी काय धोरण असावं ते सरकारला सांगायचं, हे तिचं काम. आजवर परिषदेनं म्हातारे पाहिले ते बहुतेक मोठ्या शहरांतले. यंदा तिला जंगलाकडच्या म्हाताऱ्यांची आठवण झाली, अधिवेशन गडचिरोलीत ठरलं, आणि त्याआधी करिश्मासारखी तरुण मंडळी गावोगाव फिरून वयस्कांची स्मरणशक्ती तपासू लागली.

"बाई, मी काही शब्द सांगते. ते म्हणून दाखवा, आणि थोड्या वेळानं मी परत विचारीन."

मीराबाईंनी ते शब्द नुसते म्हटले नाहीत, सादर केले. 'आंबा' लाडानं, 'नदी' गळा दाटून, आणि 'खुर्ची' असा फेकला की रस्त्यावरचं झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. मग इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या. "आता सांगा बरं ते शब्द," करिश्मा म्हणाली. मीराबाई खाटेवर डावीकडे सरकल्या, मान भिंतीकडे किंचित कलवली आणि वाट पाहत बसल्या. चेहऱ्यावर काळजी म्हणून नव्हती. भिंतीकडून काहीच आलं नाही. करिश्मानं पुरेसा वेळ दिला आणि मग हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं.

हे डावीकडे सरकणं काय होतं, ते त्या बिचारीला कसं कळावं? त्यासाठी पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतले हिवाळे पाहिलेले असायला हवेत.

मीराबाई झाडीपट्टीच्या नटी. दिवाळी झाली, मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघायच्या. आज आरमोरीकडे, उद्या मूल गावाकडे, परवा पार जंगलात. धानाची कापणी झालेली, लोक तणसावर घोंगडी पसरून बसलेले, शेकोटीचा धूर थेट रंगमंचावर आणि राणीच्या डोळ्यांत पाणी, ते अभिनयाचं की धुराचं ते राणीलाही सांगता येऊ नये. तालमीला वेळ कुणाला होता? एका हंगामात इतकी नाटकं की राजाला आपण कुठल्या राज्याचा राजा आहोत हे तोंडाला रंग लागल्यावर कळायचं. सगळा कारभार चालायचा तो डाव्या विंगेत बसलेल्या प्रॉम्टरवर. संवाद अडला की नटानं अभिनय न मोडता हळूच डावीकडे सरकायचं, आणि विंगेतून शब्द यायचा.

मीराबाईंच्या कंपनीचे प्रॉम्टर देवाजी. अंगानं काडी, आवाज कुजबुजीचा, पण नेमका जिथे पोचायचा तिथेच पोचणारा. त्यांचा एक नियम होता. फक्त पहिला शब्द द्यायचा. एकदा एका नव्या माणसानं विंगेतून अख्खं वाक्य सांगितलं, तेव्हा देवाजी त्याच्यावर असे कडाडले होते की सांगता सोय नाही. "पुरं वाक्य देल्लं त थो प्रॉम्टिंग नाई रे, नटाचा अपमान हाये! त्याले येते. फक्त दार उघडून द्याचं, आत थो आपल्या पायानं जाते."

त्या विंगेत देवाजींच्या पायाशी, बारदान्यावर, मीराबाईंची लहानगी संघप्रिया निजलेली असायची. नवरा भाताच्या गिरणीत पाळीवर, घरी पोरीला सांभाळायला कुणी नाही, मग काय करणार? पोरीला पाळणा मिळाला तो असला, असं मीराबाईंना अजून वाटतं, आणि लगेच वाटतं, पण काय दिवस होते!

कंपनी सुटली, नवरा गेला. देवाजी मात्र गेले नाहीत, कारण त्यांचं घर मीराबाईंच्या घराला लागूनच. मधे एक बुटकी भिंत, तीही नेमकी डाव्या हाताला. संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून कुजबुज यायची, "मीराबाई, गॅस..." "बंद केला भाऊ." "किल्ली..." "पदरात हाये." दोघांपैकी कुणालाही यात विशेष काही वाटत नव्हतं. मीराबाई विसरायला लागल्या होत्या हे खरंच, पण त्यांना ते जाणवलंच नव्हतं. अडलं की शब्द यायचा, इतकी वर्षं येत होता, आताही येत होता. करिश्मा आली त्या दिवशी नेमके देवाजी मूलला भाचीकडे गेले होते.

निकाल नागपूरला मुलीच्या कानावर गेला. स्मृती बरीच कमी झाली आहे, एकटं ठेवणं जोखमीचं. संघप्रिया मिळेल ती गाडी पकडून आली.

"माय, आता बस झालं. मी तुले इथी एकटी नाई ठेवत."

"मी एकटी कुठी हाओ? इथी त माहे..."

"तुझे इथी कोणी नाहीत. नागपूरले मी आहे, दवाखाना जवळ आहे, सगळं आहे."

संघप्रिया शाळेत शिकवते, त्यामुळे समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकायची तिला सवय. आणि आईच्या काळजीनं तर ती सवय हाताबाहेर गेली होती. मीराबाई तोंड उघडायच्या, वाक्य मुलगी संपवायची. दोन दिवसांत मीराबाई जास्तच विसरू लागल्या.

तेवढ्यात करिश्माचा फोन आला. अधिवेशनात धोरण ठरवण्याआधी काही वयस्क माणसांचं ऐकायचं होतं, आणि 'खुर्ची' तिच्या कानातून काही केल्या जात नव्हती. मीराबाई बोलतील का? मीराबाई एका पायावर तयार. संघप्रिया म्हणाली, "ठीक आहे. पण भाषण झालं की तिथूनच नागपूर." बॅग भरली गेली. साड्या, औषधं, बुद्धाची लहान मूर्ती, आणि मीराबाईंनी हळूच आत सारलेली जुनी रंगाची डबी.

भाषण भिंतीवरून बसवलं गेलं. अलीकडे मीराबाई, पलीकडे देवाजी, आणि घरात येता-जाता संघप्रियाच्या कानावर ते पडत होतं. अधिवेशनाला यायचं देवाजींच्या गुडघ्यांच्या मनात नव्हतं. निघायच्या सकाळी भाड्याची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा ते काठी टेकत फाटकाशी आले. खूप काही बोलायचं होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सांभाळलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य सापडेना. "जा," एवढंच म्हणाले, "एन्ट्री चुकवू नोको."

गडचिरोलीचं सभागृह थंडगार होतं. तणस नाही, धूर नाही, समोर गळ्यात ओळखपत्रं घातलेली शहाणी माणसं. मीराबाईंनी नमस्कार केला, नाव सांगितलं, कंपनीचं सांगितलं. लोक हसले, रंगले. आणि मग पुढचं वाक्य गेलं. कुठे गेलं कोण जाणे, गेलं.

त्या डावीकडे सरकल्या. डाव्या कोपऱ्यात परिषदेचा भला मोठा फलक उभा होता. मान कलवून त्या थांबल्या. पुढच्या रांगेत करिश्मानं नजर खाली घेतली. तिनं हे आधी पाहिलं होतं. इथे भिंत नाही, भिंतीमागे माणूस नाही, आणि बॅग खाली गाडीत आहे. झाडीपट्टीतल्या एकाही रात्री त्यांना असं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं नव्हतं.

"विसरणं..."

फलकाच्या मागून आलं. अगदी हळू. आवाज देवाजींचा नव्हता. पुढे काहीच आलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

"विसरणं," मीराबाईंनी शब्द उचलला, आणि त्यांचा जुना आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला, "विसरणं आमच्या धंद्यात गुन्हा नव्हता, साहेब! राजा विसरे, राणी विसरे. म्हणून राजाले कोणी घरी नाई बसवलं. विंगेत एक माणूस बसवला. तुमी माही परीक्षा घेतली, मी नापास झाली, थेही खरंच हाये. पण माह्या डाव्या हाताले कोण बसते, थे कोणी नाई इचारलं. सरकारले काही सांगाचं असन त एवढंच सांगा. म्हाताऱ्याले उचलून दुसऱ्या गावी न्याच्या आधी त्याचा प्रॉम्टर कोणत्या भिंतीमागं हाये, थे पाहून घ्या. नाईतर म्हातारा पोचते, अन् वाक्य मागंच राह्यते."

टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. करिश्मा डोळे पुसायचं विसरून टॅबवर काहीतरी भराभर लिहीत होती. मीराबाईंना त्यात रस नव्हता. त्या फलकामागे गेल्या. तिथे फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, संघप्रिया बसली होती. शाळेतली एवढी मोठी बाई, आणि बसली होती थेट बारदान्यावरच्या पोरीसारखी. डोळे वाहत होते.

"तुले कोणं शिकवलं वो हे? तू त झोपून राहे."

"मी झोपत नव्हती, माय," संघप्रिया म्हणाली. "डोळे मिटून तुलेच ऐकत होती."

मीराबाईंना काही म्हणायचं होतं, पण वाक्य सापडेना. या वेळी मुलीनं ते पुरं केलं नाही. ती नुसती थांबली.

परतीच्या वाटेवर आरमोरीला गाडी नागपूरच्या रस्त्याला न लागता वडशाकडे वळली. घरी बॅग उतरली, मूर्ती जागेवर गेली. तब्येत दाखवायला करिश्माकडे नियमानं जायचं ठरलं, आणि घराची जास्तीची किल्ली देवाजींकडे राहिली. पुढं विसरणं वाढेल, हे सगळ्यांनाच कळत होतं. तेव्हाचं तेव्हा.

आता संध्याकाळी नागपूरहून फोन येतो. मीराबाई तो खाटेवर ठेवतात, स्पीकर लावून.

"माय, गॅस..." संघप्रिया म्हणते, आणि थांबते. थांबणं तिला अजून जड जातं, श्वासावरून कळतं.

"बंद केला, बाई."

मग भिंतीपलीकडून देवाजी खाकरतात. "पोरीले सांगा, आवाज लहान कर मनाव. प्रॉम्टर पब्लिकले आयकू नाई आला पाह्यजे."