बर्फाचं मातेरं

आमच्या फाटकापासून दारापर्यंत खडी आहे. पंचवीसेक पावलं असतील. घर भाड्याचं आणि मालकाला खडीच आवडते, त्यामुळे फरशी घालायचा विषय संपला. आमचं गाव मँचेस्टरच्या वरच्या अंगाला, टेकडीवर. खाली पाऊस असतो तेव्हा आमच्याकडे बर्फ पडतो.

यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायला गाडी येते. ती फाटकाबाहेर थांबते आणि तिथपर्यंत व्हीलचेअर ढकलत न्यावी लागते. वाट धड नसेल तर ड्रायव्हरने पेशंटला न्यायचं नाही, असा नियम आहे.

मागच्या हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हा मी पहाटे उठून सगळी वाट खरवडून काढली. झाडायचं तर खालची जमीन दिसली पाहिजे, अशी माझी जुनी सवय. फावड्याबरोबर खडीही उडून गवतात पडली. जागोजाग खड्डे झाले आणि दाराबाहेर पडताच खुर्चीचं पुढचं छोटं चाक एका खड्ड्यात रुतलं. ड्रायव्हर बाईंनी दोनदा ओढून पाहिलं, मान हलवली आणि यांना परत घरात आणून सोडलं. डायलिसिस चुकलं. संध्याकाळी यांना श्वास पुरेना. ॲम्ब्युलन्स आली, चार दिवस हॉस्पिटलात गेले. मला कुणी बोललं नाही, म्हणून जास्त लागलं.

बर्फ गेल्यावर मी गवतात गुडघ्यांवर बसून खडे वेचत होते. वेचता वेचता मला मातेरं आठवलं. खळ्यावर रास भरताना माझी आई तळाचा थर सोडून द्यायची, कारण त्यात माती असते. वरचं धान्य पोत्यात जायचं, मातेरं शेवटपर्यंत जागेवर. मी घाईने सूप तळापर्यंत घातलं की हातावर चापट बसायची. इथे मी तेच केलं होतं. तळाला हात घातला आणि वाटेचं मातेरं करून बसले.

यंदा बर्फ रविवारी दुपारी सुरू झाला. शुक्रवारच्या डायलिसिसनंतर मध्ये दोन दिवस गेलेले असतात, म्हणून सोमवारी यांच्या अंगात सगळ्यात जास्त पाणी साठलेलं असतं. सोमवार चुकून चालत नाही. लेक यांच्याच हॉस्पिटलात नर्स आहे, ती रात्रपाळीला गेलेली. संध्याकाळी बर्फ दोन बोटं झाल्यावर मी गमबूट घातले आणि पावलाशेजारी पाऊल दाबत फाटकापर्यंत गेले, तशीच परत आले. असं कितीदा तरी. हे खिडकीतून बघत होते. फट करून म्हणाले, "अगं, चिखल तुडवल्यासारखी काय तुडवतेस? विटा पाडायच्यात का?"

मी म्हटलं, "तुम्ही खिडकी लावा आधी."

दाबलेला थर रात्रीत खडीला धरून गोठला. सकाळी त्यावर वीतभर नवा बर्फ होता. बागेचा जुना पाइप उभा चिरून मी फावड्याच्या धारेवर बसवला, म्हणजे धार खाली रुतायची नाही. वरचा मऊ बर्फ तेवढा बाजूला ढकलत नेला. खालच्या थराला हात लावला नाही. पाय घसरू नये म्हणून बारीक वाळू टाकली. मीठ मुद्दाम टाकलं नाही, थर विरघळला असता.

सगळं झाल्यावर बघते तर वाट पांढरीच. इथे कुणी काही केलंय असं वाटेना.  

गाडीतून उतरल्या त्या मागच्या हिवाळ्यातल्याच ड्रायव्हर बाई. फाटकापाशी थांबल्या आणि यांना लांबूनच विचारलं, बर्फ काढला नाही का. हे उघड्या दारात, खुर्चीत. यांनी माझ्याकडे बघितलं. मला इंग्रजी थोडं कळतं, पण समोर माणूस आला की तोंड उघडत नाही. मी वाटेच्या मध्यावर गेले आणि थरावर जोरात टाच आपटली. मग म्हटलं, "हार्ड. प्लीज, यू वॉक."

बाईंनी एक पाय ठेवला, दाबून पाहिला, आणि चालत दारापर्यंत आल्या. एरवी त्या खडीतून खुर्ची न्यायची तर दोघींचा दम निघतो. त्या दिवशी चाकं फरशीवर फिरावीत तशी फिरली, फाटकापर्यंत कुठे अडली नाहीत.

बाई हसून म्हणाल्या, "बेटर दॅन समर, लव्ह." इकडे कुणालाही लव्ह म्हणतात.

हे मान वळवून मला म्हणाले, "ऐकलंस? आता उन्हाळ्यातही बर्फ पाड."

नऊच्या सुमाराला लेकीचा फोन आला. रात्रपाळी संपवून ती यांच्याकडे डोकावली होती. मशीन लावलं, प्रेशर ठीक आहे, म्हणाली. मी ओले मोजे काढले आणि चहासुद्धा न घेता आडवी झाले. दुपारी गाडीवाले यांना सोडायला आले तेव्हा बेल वाजवून वाजवून मला उठवावं लागलं.