शेरेबुक खाणावळीत नेलं तेव्हा

शाळेची तपासणी मी भिगवणच्या एका खाणावळीत करून घेतली. साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं, अक्कल माझीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा भिगवणपासून आत, आडवाटेच्या वस्तीवर. शिक्षक मी एकटा. तपासणीला निघालेले विस्तार अधिकारी हमरस्त्यापर्यंत आले, तेव्हा ऊन मी म्हणत होतं. म्हटलं, साहेबांना कशाला त्रास? शेरेबुक, म्हणजे तपासणीचा शेरा लिहायची वही, सायकलला लावली आणि गाठलं त्यांना.

चिलापी माशाच्या रश्शात भाकरी कुस्करत साहेबांनी विचारलं, "इमारत?"

"उत्तम, साहेब."

"अध्यापन?"

"समाधानकारक," मी म्हणालो. तेवढा विनय होता अंगात.

त्यांनी तसंच लिहिलं आणि सही ठोकली.

पावसाळ्यात पहिलीच्या पोरांमागची भिंत फुगली. मी दुरुस्तीचा अर्ज केला. तालुक्यातून उत्तर आलं, शेरेबुकानुसार इमारत उत्तम आहे. माझीच थाप शिक्का मारून मला परत! पोरं लिंबाखाली बसवली आणि पुढच्या तपासणीची वाट बघत बसलो.

निरोप आला, "शेरेबुक घेऊन भिगवणला या."

मी उलट निरोप धाडला, "वही येणार नाही. साहेबांनीच यावं."

शेजारच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, "बदली होईल तुझी." म्हटलं, होऊ दे.

साहेब आले ते तणतणतच. मी त्यांची खुर्ची बरोबर त्या भिंतीला टेकवून मांडली. खांद्यावर माती पडली तसे ते ताडकन उठले.

"गुरुजी, जीव घेता काय माझा?"

"साहेब, इथं पहिलीची पोरं बसायची."

त्यांनी मुकाट्यानं दुरुस्तीचा शेरा लिहिला. मग मात्र पेटले. दिवसभर बसले, चौथीला भागाकार घातला. एकालाही आला नाही. तेही लिहिलं, चांगलं ठळक अक्षरात.

तरी आजही माझं म्हणणं तेच. वही तपासू नका, वर्ग तपासा. न सांगता या, दिवसभर बसा, मग खुशाल आमची सालटी काढा.

नवी भिंत उभी राहिली तेव्हा वस्तीवरच्या आबांना मी हा पराक्रम रंगवून सांगितला. त्यांची नात चौथीत होती.

"भिंतीचं बेस झालं, गुरुजी," आबा म्हणाले. "पर तुमाला शिकवाया येत न्हाय, ह्ये कळायला साहेब कशाला पायजे हुता? आमाला इचारायचं की. नातीची पाटी रोज बघतो मी."