तितराचा रस्सा

लग्न होऊन मी हसनाबादला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांना दम्यानं बेजार केलं होतं. निजामाच्या राज्यात आमच्या बाजूला डॉक्टर नुसता ऐकून माहीत. सासरे गाडी जुंपून जाफराबादच्या हकिमांकडे गेले आणि तितराचा रस्सा प्यायचा, असा सल्ला घेऊन आले. गावातले लोक म्हणत, दम्याला वटवाघळासारखं औषध नाही. पण सासऱ्यांना त्या नावानंच ओकारी यायची. उलटं लटकणारं जनावर माझ्या ताटात येता कामा नये, असं त्यांनी साऱ्या घराला बजावलं होतं.

त्या साली नेमका तितर मिळेना. रानात फासे लावणारा माणूस रोज रिकाम्या हातानं परत यायचा. इकडे आमच्या विहिरीवरच्या पेरूंवर मात्र वटवाघळांचा सुळसुळाट झाला होता. सासूबाईंनी सालगड्याला जाळं लावायला सांगून एक धरवलं, सोलून-कापून घेतलं आणि परसात तीन दगड मांडून शिजत घातलं. मी घाबरून गेले. त्यांनी मला जवळ बसवलं आणि रस्सा ढवळत शांतपणे समजावलं.

"तितर शेणातले किडे उकरून खातो. हे बिचारं नुसते पेरू खाऊन राह्यलं. आता तूच सांग, चोखट कोन?"

मी भाकरी थापायला गेले.

सासरे दोन वाट्या रस्सा प्याले. वाटीत एक बारीक, लांबलचक हाड निघालं. ते उजेडात धरून, पंखाचा भारी तितर दिसतो, असं त्यांनी मला सांगितलं. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

पुढे हा रस्सा वरचेवर होऊ लागला. धाप कमी झाली, निदान त्यांना तसं वाटलं. पारावर बसून ते हकिमांचं गुणगान करायचे आणि वटवाघूळ सुचवणाऱ्यांना अडाणी म्हणून हसायचे.

मग एकदा फासेवाला खरोखरच तितर घेऊन आला. सासूबाई खोटेपणातून सुटल्या. त्यांनी तो निगुतीनं, तूप घालून शिजवला. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सारली. हा तितर नव्हेच, फासेवाल्यानं तुला फसवलं, म्हणाले आणि त्याला जाब विचारायला तसेच निघाले. आम्हाला अडवता आलं नाही. फासेवाल्यानं शपथेवर सांगितलं, साऱ्या सालात तुमच्या घरी दिलेला हा पहिलाच तितर.

सासरे परत येऊन ओट्यावर बसले. सासूबाई दाराआड, मी त्यांच्या आड. शेवटी त्याच पुढे झाल्या आणि सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"बराबर," ते म्हणाले. "मंग तेच करत जा. पन वाढताना तितर म्हनूनच वाढायचं."

तसंच चाललं. पेरूचा हंगाम संपला आणि वटवाघळं केदारखेड्याच्या बाजूला निघून गेली. तेव्हा सासरे पारावर सांगू लागले, अवंदा तितर लई कमी झालेत.